न उपटलेल्या खुंट्या

पावरहौस कुठे बांधायचं ते खाडीचं पाणी आणि रेल्वेचा रूळ बघून ठरतं, असं लोकांना वाटतं. साफ खोटं. मी ठाण्याच्या कचेरीत कारकून होतो, माझ्या डोळ्यांदेखत ठरलं ते.

स्वातंत्र्य नुकतं आलेलं. आमच्या आगरी गावातून सातवी पास होऊन सरकारी खुर्चीवर बसलेला मी पहिलाच, तोही कच्च्या नोकरीत. गाव डोंबिवलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, खाडीला लागून. सर्व्हेवाल्यांनी पावरहौससाठी दोन जागा मोजलेल्या. एक खाडीपलीकडची, एक आमच्या गावची. आमच्या जागेत बाबांचं भाताचं शेत अख्खं जात होतं. खारं पाणी अडवायला आजोबांनी डोक्यावरून चिखल वाहून बांध घातलेला, त्याच्या आतलं शेत. दुसरं काही नव्हतंच आम्हाला.

दोन्हीकडे लाल टोकाच्या खुंट्या ठोकल्या. पलीकडच्या गावाने दुसऱ्याच दिवशी सगळ्या उपटल्या. परत ठोकल्या, परत उपटल्या. शिवाय तिथल्या एका बागायतदाराची मुंबईत मोठ्या लोकांत ऊठबस. आमच्याकडे मात्र एक खुंटी हलली नाही. कशी हलणार? आमच्यात शिवेचा दगड सरकवणं म्हणजे महापाप, आणि मोजून ठोकलेली खुंटी म्हणजे शीवच, मग कुणीही ठोको. आईने तर आमच्या शेतातल्या खुंटीला हळदकुंकू वाहिलं. म्हशीचा धक्का लागून एक कलंडली, तर बाबांनी ती होती तिथेच दगडाने ठोकून उभी केली. संध्याकाळी मी कचेरीतून घरी आलो तेव्हा दोघांनी हे मला कौतुकाने सांगितलं. मी पुरतं ऐकून न घेता पाय धुवायला मागच्या दारी गेलो.

कारण त्याच दुपारी साहेब कचेरीत म्हणालेले, "पलीकडे फार कटकट आहे. इकडचे लोक समंजस दिसतात, खुंट्यांना हातसुद्धा लावला नाही. म्हणजे संमतीच की. काय रे, तू तिथलाच ना?"

मी "हो साहेब" म्हटलं. कशाला हो म्हटलं, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. साहेब, ही संमती नव्हे, देवाची भीती आहे, एवढंच तर बोलायचं होतं. पण बोललो असतो तर स्वतःचं शेत वाचवतोय म्हणून हाकलला असता. घरी सांगावं, बाबा, उपटा त्या, तर कचेरीतली बातमी फोडली म्हणून पहिली मान माझीच. आणि बाबा थोडेच ऐकणार होते? शिकून हेच शिकलास का, म्हणाले असते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. रोज सकाळी शेताच्या कडेने स्टेशनला जायचो, मान खाली घालून.

अहवाल स्वच्छ प्रत करायला माझ्याकडेच आला. अक्षर चांगलं ना माझं, मेलं. "ग्रामस्थांची हरकत नाही." लिहिलं मी. भित्रा होतो, दुसरा शब्द नाही त्याला.

पावसाळा संपता संपता नोटीस आली. गावात वाचणारा मीच, तेव्हा बाबांनी मलाच वाचायला लावली. पीक कापून झालं की जागा सोडायची, असं त्यात होतं. बाबा ओटीवर बसून होते. म्हणाले, "पल्याडच्या गावाला का नाय नेला?"

"त्यांनी खुंट्या उपटल्या, बाबा."

"मंग उपटल्या त चालते?"

"चालतं."

ते माझ्याकडे वळले. "तुला ठाव व्हता?"

मी नाही म्हटलं.

बाबांनी नोटीस माझ्या हातातून घेतली, नीट घडी केली. "ते बी खरा," म्हणाले, "तुला ठाव असता, त तू सांगला असतास."