एकास बारा

अपघातानंतर मी चाकांच्या खुर्चीवर शाळेत परत आले, तेव्हा माझ्यासाठी रॅम्प बांधून तयार होता. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या शाळेचं जोतं दोन फूट उंच आणि सगळे वर्ग त्याच्यावर. रॅम्प इतका उभा होता की दोन शिपाई मागून रेटत होते आणि मी गव्हाच्या पोत्यासारखी वर जात होते. दहावीच्या मुली व्हरांड्यातून गुपचूप बघत होत्या. मला रडू नाही आलं, संताप आला.

"अवो मॅडम, थे रोज ढकलून देतीन न," मुख्याध्यापक म्हणाले. "नाईतं खाली ऑफिसात बसा. तुमचा वर्ग दुसऱ्याले देतो."

इतकी वर्षं गणित शिकवलं ते काय शेवटी दाखल्यांवर शिक्के मारायला? "वर्ग मीच घेणार, आणि वर माझी मीच जाणार," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि चहा मागवला. आमच्याकडे नको असलेला विषय असाच बंद करतात.

दुसऱ्या दिवशी मी वर गेलेच नाही. दहावीचा तास खाली अंगणात घेतला, रॅम्पच्या शेजारी. एका मुलीनं टेप घेऊन सरळ उतारावर टाकला.

"तिरपं नाही, जमिनीवरून आडवं मोज," मी ओरडले.

"कावून मॅडम? चढाचं तं तिरपंच हाय न."

"तिरपं मोजलं की चढ आहे त्यापेक्षा सोपा वाटतो. फसायचं नाही."

आडवं भरलं सहा फूट, उभं दोन. मुलींनी वहीवर सहा सेंटिमीटरची आडवी रेघ मारली, तिच्या टोकाला दोनची उभी, मग तिरपी जोडली आणि कोनमापक ठेवलं. अठरा अंश! मग बारा आडवी आणि एक उभी काढायला लावली. कोन पाचसुद्धा भरला नाही.

हे सगळं मिस्त्री बघत होता. रॅम्प त्यानंच बांधला होता आणि आता तिथंच कुंपणाची भिंत घालत होता. दवाखान्यात पडल्या पडल्या मी कागदावर 'रॅम्प, एकास बारा' असं ठळक लिहून पाठवलं होतं, त्याचं काय झालं ते मी त्याला विचारलं.

"पायलं न म्या," तो म्हणाला. "म्या म्हटलं मॅडमनं माल सांगतला. पन एक घमेलं सिमेंटले बारा घमेले रेती टाकली तं मॅडम पयल्याच दिवशी खाली येतीन. म्हून म्या एकास चार मारला. फोडून दाखवा कोनी!"

त्याच्यावर काय रागावणार? चूक माझीच, 'उतार' हा शब्द मी लिहिलाच नव्हता. मी त्याला सांगितलं, एक फूट चढायला बारा फूट लांबी. त्यानं भिंतीच्या कडेनं पावलं टाकली आणि थांबला. "चोवीस फुटात सरायच्या गाडीचं शेड येते, मॅडम."

गाडी मुख्याध्यापकांची. "जागा नाई," ते म्हणाले. तोवर मुलींनी रॅम्पच्या बाजूवर खडूनं मोठ्ठं लिहिलं होतं: आहे १८ अंश, पाहिजे ५ च्या आत.

"थे पुसा पयले."

"उत्तर चुकलं असेल तर मीच पुसते, सर. तपासून सांगा."

त्यांनी तपासलं नाही. मीही पुसलं नाही. रोजचा तास तिथंच, उन्हात, त्या आकड्यांसमोर. येणारा प्रत्येक पालक विचारायचा, हे काय आहे? मुली वही उघडून दाखवायच्या.

तिसऱ्या आठवड्यात शेड निघालं. जुना रॅम्प फोडायला दोन दिवस लागले आणि मिस्त्री सगळ्यांना ऐकवत होता, "म्या सांगतलं होतं न!"

नव्या रॅम्पवर अर्ध्यात माझे दंड थरथरायला लागले. सवयीनं शिपायाचा हात मागून खुर्चीला लागला.

"हात काढा, भाऊ," मी म्हटलं. "एकास बारा हाय हे."


त्यानं हात काढला. वर पोचायला मला वेळ लागला. दहावीचा वर्ग तेवढा वेळ उभा होता.