वेळेवर घाबरवणारी गाडी

घाटात धुकं इतकं दाट होतं, की माझ्या नवऱ्याच्या, विनयच्या, खांद्यापलीकडचं काही दिसत नव्हतं. त्याच्या जुन्या, जड मोटारसायकलवरून आम्ही उतरत होतो. उजवीकडे दरी होती. गाडी थरथरायला लागली. ती जरा जास्तच पळतेय असं मला वाटलं, तेवढ्यात विनय म्हणाला, "घट्ट धर. ब्रेक नीट लागत नाहीये."

तो एकेक गिअर खाली घेत गेला. दर वेळी इंजिन गुरगुरायचं आणि गाडी हिसका देऊन थोडी मंदावायची. शेवटी रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला ती थांबली.

मी खाली उतरले. "कशाला घेतलीस असली गाडी? नवी मिळत नव्हती का?" मी ओरडलेच.

त्याने हेल्मेट काढलं. "नव्या गाडीवर वेग कळतच नाही गं. ही जरा जोरात गेली की अंगभर थरथरते. मला घाबरवते. म्हणून तर घेतली."

अशा गाड्या लोक ऐटीसाठी घेतात, असंच मी समजत होते. भीती वाटू नये म्हणून आपण किती धडपडतो! पण आपल्या जिवाची त्या भीतीइतकी काळजी दुसरं कोण करतं?

उतारावर सारखे दाबून तापलेले ब्रेक निवल्यावर विनयने किक मारली. मागे बसताना माझी छाती धडधडतच होती. पायथ्याच्या गावापर्यंत आम्ही दोघंही घाबरत, अगदी सावकाश उतरलो.