पेटीला लावलेला कान

"आहेत, आहेत!"

गच्चीवरच्या मधमाश्यांच्या पेटीवर बोटाने टकटक करायची, गुडघे टेकून तिला कान लावायचा आणि आतून गुणगुण ऐकू आली की खाली स्वयंपाकघरातल्या काकूंना असं ओरडून सांगायचं. दुर्गाघाटावरच्या आमच्या घरमालकांची, म्हणजे गुरुजींची, थंडीतली सकाळ अशी सुरू व्हायची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी बँकेच्या बदलीवर काशीत आलो होतो. माझी खोली जिन्याखाली, त्यामुळे ही बातमी मलाही रोज मिळायची.

गुरुजींनी जन्मभर लोकांच्या घरी अभिषेक केले, पण पंचामृतातल्या बाजारच्या मधावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "नुसता गुळाचा पाक रे! देवाला काय समजत नाही?" शेवटी साठी उलटल्यावर त्यांनी रामनगरच्या एका माळ्याकडून पेटी घेतली आणि नावेतून मांडीवर धरून आणली. त्यांना एकही माशी चावली नाही. नावाड्याला मात्र दोन चावल्या.

पहिल्याच थंडीत घोटाळा झाला. गंगेत स्नान केल्याशिवाय पेटीला हात लावायचा नाही, असा त्यांचा नेम. धुक्यातून यायचे, ओलेत्यानेच झाकण उघडायचे आणि तापलेल्या पोराच्या कपाळाशी धरावा तसा आत हात धरून ऊब बघायचे. रोज! आठवड्याभरात पेटीसमोर मेलेल्या माश्यांचा सडा पडू लागला.

माळी आला, त्याने बघितलं. "पंडितजी, रोज ढक्कन मत उठाइए। बेचारी जो गर्मी जुटाती हैं, आप सबेरे-सबेरे निकाल देते हैं।"

गुरुजी दोन दिवस धड जेवले नाहीत. "मीच मारल्या रे," एवढंच म्हणत. मग त्यांनी झाकणाचा नाद सोडला आणि कान लावायला शिकले. दक्षिणा म्हणून आलेली नवी कोरी शाल पेटीला गुंडाळली, माश्यांची वाट तेवढी मोकळी ठेवली. स्वतः विटक्या स्वेटरवर राहिले म्हणून काकू चिडल्या. पण पेटी जगली. फाल्गुनात वाटीभर मध निघाला, तो त्यांनी गल्लीतल्या एकेका देवाला चमचा-चमचा वाहिला.

तिसऱ्या हिवाळ्यात त्यांची छाती भरली, जिना बंद झाला आणि कान लावायचं काम माझ्याकडे आलं. एकदा मला बँकेची घाई होती, वर बोचरा वारा होता. मी दारातूनच "आहेत!" म्हणालो. त्यांनी मला खाटेजवळ बोलावलं आणि माझा कान चिमटीत धरला.

"गरम आहे. तू वर गेलाच नाहीस."

मी शरमलो आणि निमूट वर गेलो. त्यानंतर माझा गार कान हाताला लागल्याशिवाय ते चहा घेत नसत.

माघात गुरुजी गेले. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. तेरावा झाल्यावर एका सकाळी मी सवयीने गच्चीवर गेलो, पेटीवर टकटक केली, कान लावला. गुणगुण होती. खाली येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. खाट रिकामी होती, कुणाला सांगावं कळेना.

"आहेत," मी हळूच म्हणालो.

काकूंनी चहा उतरवला, हात पदराला पुसला आणि जवळ येऊन माझा कान चिमटीत धरून पाहिला.