त्वाइतानची सतरावी खूण

आस्ब्यॉर्न त्वाइतानने नऊ वर्षं चिमण्यांवर काढली, पण जिवंत चिमणी कधी हातात धरली नाही. बेटावरच्या गोठ्यांत जाळी लावायची आम्ही, पंखाखालून रक्ताचा थेंब काढायचा आम्ही, बोटांवर चोचीही आम्हीच खायच्या. हा शहरातल्या प्रयोगशाळेत बसून त्या थेंबातून 'खुणा' काढणार. खूण म्हणजे डीएनएचा असा तुकडा, ज्याची लांबी आईकडून एक येते आणि बापाकडून दुसरी. त्यावरून कोण कोणाचं पिल्लू ते कळतं.

नळीवर फक्त नंबर लिहायचा, नर की मादी लिहायचं नाही, हा त्याचा हुकूम. का, तर पूर्वग्रह नको. आमच्या वहीत सगळं होतं, पण ती उघडणं त्याला कमीपणाचं.

सतराव्या खुणेवर निम्म्याहून जास्त चिमण्यांत दोनऐवजी एकच लांबी निघाली. झालं! आईबापांकडून सारखीच लांबी आली, म्हणजे बेटावर नात्यात जोड्या लागताहेत, वंश बुडणार, असं साहेबांनी ठरवून टाकलं. याच शोधावर कायमच्या नोकरीसाठी निवड समितीपुढे व्याख्यान होतं. नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर जूनमध्ये करार संपणार.

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेत नळ्या भरणाऱ्या गुड्नीने आमची वही शेजारी ठेवून ताडून पाहिली.

"आस्ब्यॉर्न, दोन पट्ट्यांची, म्हणजे दोन लांब्यांची, एकही मादी नाही रे यात."

"योगायोग."

"एकसष्ट माद्या, एकसष्ट वेळा योगायोग? अरे, तुझी खूण लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर बसलीय. पक्ष्यांत नराकडे ती दोन, मादीकडे एकच. दुसरी पट्टी आणणार कुठून ती?"

"तू नळ्या भर, गुड्नी."

"भरते की. पण उद्या तोंडावर आपटशील."

"मला पक्षी शिकवू नकोस."

व्याख्यानाला मीही गेलो. नंतर वाफल्स होते. समितीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी शांतपणे विचारलं, "या एकाच पट्टीवाल्यांत माद्या किती?"

"ते मुद्दामच पाहिलं नाही," त्वाइतान मान ताठ करून म्हणाला.

गुड्नीने वही पुढे सरकवली. बाईंनी चार पानं चाळली. हा लाल होत म्हणाला, "बेटावरच्या लोकांच्या नोंदींवर किती विसंबायचं?"

"नर-मादी त्यांना लांबूनही ओळखता येतात," बाई म्हणाल्या आणि वही मिटली.

नोकरी गेली. जूनमध्ये त्याने खोली रिकामी केली. खोकी मात्र गुड्नीकडूनच उचलून घेतली, आणि दारात तिला म्हणाला, "वेळेवर नीट सांगायला काय झालं होतं तुला?"