राजाभाऊंची टाच आणि बोलोन्याची फरशी

राजाभाऊ टिपणीस कुणाच्या घरी गेले की दारात चपला काढायचे, 'या, बसा' म्हणणाऱ्या यजमानाला हाताने थांबवायचे आणि उजवी टाच दोनदा फरशीवर आपटायचे. मान किंचित कलती, डोळे मिटलेले. आखातातल्या रास अल खैमापासून शारजातल्या रोल्लापर्यंत ज्या मराठी घरांत त्यांचं जाणं-येणं होतं, तिथल्या माणसांना याची सवय झाली होती. चहाचं आधण ठेवायचं आणि निकालाची वाट बघायची. "हॉलची ठीक आहे. पॅसेजमध्ये तीन टाइल पोकळ आहेत," असं सांगून राजाभाऊ सोफ्यावर टेकले की मग पाहुणचाराला सुरुवात.

ते रास अल खैमाच्या एका टाइल कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. भट्टीतून निघालेली टाइल पट्ट्यावरून त्यांच्यासमोर यायची आणि तिचं नशीब तिथेच ठरायचं. फर्स्ट, सेकंड किंवा कमर्शियल. कमर्शियल म्हणजे कचऱ्याच्या एक पायरी वर. लाइनवरचा फोरमन कमरुद्दीन हैदराबादचा. तो म्हणायचा, "राजाभाई जन्नत में भी जाएँगे तो पहले फर्श ठोकेंगे. और कमर्शियल बोल के वापस आ जाएँगे."

राजाभाऊंना हे भूषण वाटे. त्यांच्या पत्नीला, छायाबाईंना, तसं वाटत नसे. कारण ही टाच टाइलपुरती राहिली नव्हती. पुण्यात निवृत्तीनंतर राहायला फ्लॅट घ्यायचा म्हणून दर उन्हाळी सुट्टीत दोघं हिंडायची आणि दर वर्षी राजाभाऊ फ्लॅट नापास करून परत यायचे. कोथरूडचा एक बिल्डर तर यांची गाडी दिसली की मागच्या दाराने साइटवरून निघून जायचा. "आपण रिटायर होऊन राहायचं कुठे?" छायाबाई विचारायच्या. "एअरपोर्टवर? तिथली फरशी पास केली होती ना तुम्ही?"

आणि एक नियम तर पक्का होता. ज्याची आधी कुणी स्तुती केली, ते हमखास नापास. एका सेल्समनने नमुन्याचा डबा टेबलावर ठेवताना 'सर, बेस्ट क्वालिटी' म्हटलं होतं. डबा न उघडताच परत गेला.

म्हणून २००३च्या उन्हाळ्यात मुलाचा, वरदचा, इटलीहून फोन आला तो राजाभाऊ कारखान्यात असताना. वरद रास अल खैमातच वाढलेला. टाइल बनवायच्या मशिनरीच्या एका कंपनीत लागून तो बोलोन्याला राहत होता.

"आई, देअर इज समवन."

"कोण?"

"फेदेरिका. आर्ट हिस्टरी करते, आणि वीकेंडला गाइड म्हणून काम करते. वी वाँट टु गेट मॅरिड."

 छायाबाईंनी तिच्या घरचं विचारलं, आई-वडील काय करतात ते विचारलं, तिला मराठी जेवण तिखट लागतं का तेही विचारलं. शेवटी म्हणाल्या, "बाबांना सांगितलंस?"

"आर यू मॅड? ही विल रिजेक्ट हर ऑन द फोन."

हे खरंच होतं. शरद ऋतूत बोलोन्याला टाइलचं मोठं प्रदर्शन भरतं, आणि त्या वर्षी कारखाना पहिल्यांदाच राजाभाऊंना पाठवणार होता. छायाबाईंचं तिकीट घरच्या पैशांतून काढायचं ठरलं होतं. माय-लेकांनी मिळून बेत केला. प्रदर्शन संपल्यावर रविवारी शहर बघायचं, प्रायव्हेट गाइड घेऊन. गाइड म्हणून फेदेरिका येईल. राजाभाऊंनी तिला आधी नुसती बघावी, कुणी शिफारस न करता. कांदेपोह्यांचा कार्यक्रम, फक्त ज्यांनी मुलगी बघायची त्यांना त्याचा पत्ता नाही. राजाभाऊंच्या तोंडून तिच्याविषयी एक जरी बरा शब्द निघाला तर तो धरून ठेवायचा आणि मग सांगायचं. नाही निघाला, तर वरद तिच्याशी लग्न करणारच होता. पण मग घरात काय होईल, याचा विचार छायाबाई रात्री करायच्या आणि कूस बदलायच्या.

त्या रविवारी हॉटेलच्या दाराशी राजाभाऊ सूट घालून उभे राहिले आणि इकडेतिकडे बघू लागले.

"गाडी कुठाय?"

"कसली गाडी, बाबा? इट्स अ गाइडेड वॉक."

"वॉक म्हणजे?"

"वॉक म्हणजे वॉक."

"म्हणजे चालायचं?" राजाभाऊंनी बायकोकडे बघितलं. गेली वीस वर्षं दोघांनी घराच्या दारापासून गाडीच्या दारापर्यंत आणि गाडीच्या दारापासून मॉलच्या दारापर्यंत एवढंच चालणं केलं होतं. चहासुद्धा राजाभाऊ गाडीत बसून प्यायचे. दुकानासमोर हॉर्न द्यायचा, पोऱ्या कप घेऊन बाहेर येतो. "पैसे भरून चालायचं? चालायचे पैसे त्यांनी आपल्याला द्यायला हवेत."

तेवढ्यात फेदेरिका आली. उंच, आखूड केसांची, पायात सपाट बूट, हातात मिटलेली छत्री. तिने दोघांशी हात मिळवला, वरदशी जरा जास्तच औपचारिकपणे मिळवला, आणि आधी कॉफी घेऊ म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात नेलं. तिथे कॉफी उभ्यानेच प्यायची होती. राजाभाऊंनी स्टूल शोधलं, ते नव्हतं. फेदेरिकाने बोलता बोलता वरदच्या कपात साखर टाकली. एक, दोन, तीन. छायाबाईंनी डोळे मिटून घेतले. पण राजाभाऊ काउंटरखालच्या फरशीकडे बघत होते. देव पावला, असं छायाबाईंना वाटलं.

बोलोन्याच्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी कमानींच्या ओवऱ्या आहेत. मैलोगणती लांब, त्यामुळे ऊन असो की पाऊस, माणूस सावलीतून सगळं शहर फिरू शकतो. छायाबाईंना ही कल्पना इतकी आवडली की त्या म्हणाल्या, "अहो, असं रोल्लात असतं तर जुलैमध्येसुद्धा भाजी आणायला चालत गेले असते मी." फेदेरिका कमानी दाखवत होती, खांब दाखवत होती, छतावरची जुनी चित्रं दाखवत होती. राजाभाऊ खाली बघत होते. ओवऱ्यांची जमीन आपल्याकडे जिला मोझॅइक म्हणतात तशी, संगमरवराच्या तुकड्यांची, घासून आरशासारखी केलेली. पहिल्याच वळणावर ते गुडघ्यावर बसले आणि नखाने सांधा खरवडू लागले. मागून येणाऱ्या म्हातारीची पिशवी त्यांच्या डोक्याला लागली. म्हातारी इटालियनमध्ये बरंच काही बोलली.

"काय म्हणते ती?"

"शी सेज गुड मॉर्निंग," वरद म्हणाला.

"इथे पॅच मारलाय," राजाभाऊ फेदेरिकाला इंग्रजीत म्हणाले. "रंग मॅच होत नाही."

"हो," फेदेरिका म्हणाली.

"आणि लेव्हल नाही. पाणी साचत असणार."

"हो, कधीकधी."

"सेकंड क्वालिटी."

"असेल," फेदेरिका हसून म्हणाली.

पुढच्या ओवरीत तेच, तिच्या पुढच्या ओवरीत तेच. विद्यापीठाच्या अंगणात ते टाच आपटून मान कलती करून उभे राहिले, तेव्हा तिथे शाळेच्या सहलीला आलेली मुलं आपापल्या टाचा आपटू लागली. प्रत्येक वेळी फेदेरिका 'हो' म्हणत होती आणि वरदच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत होता. छायाबाई बूट चावत असूनही राजाभाऊ आणि फेदेरिकाच्या मधून चालत होत्या. आपण मध्ये असलो म्हणजे काही बिघडणार नाही, असं उगाचच त्यांना वाटत होतं.

शहरात दोन जुने मनोरे शेजारी शेजारी आहेत. धाकटा चांगलाच कललेला. राजाभाऊंनी पहिल्यांदा मान वर केली. 

"रिजेक्ट," राजाभाऊ म्हणाले.

"शेकडो वर्षं उभा आहे तो," फेदेरिका म्हणाली. तिचं हसू आता तेवढं रुंद नव्हतं.

"लेबर स्वस्त असणार तेव्हा."

मग सगळे मोठ्या चौकात आले. तिथलं थोरलं चर्च खालून निम्मं संगमरवरी आणि वरून निम्मं उघड्या विटांचं आहे. काम सुरू झालं आणि दर्शनी बाजू कधी पुरी झालीच नाही. राजाभाऊंनी कमरेवर हात ठेवले आणि ते मनापासून हसले. सकाळपासून पहिल्यांदाच.

"बघ छाया! अर्ध्यात काम सोडून कॉन्ट्रॅक्टर पळाला. अजमानला अशा चार बिल्डिंगा आहेत." मग फेदेरिकाकडे वळून इंग्रजीत, "हे तुम्ही टुरिस्टांना दाखवता? झाकून ठेवायला हवं."

फेदेरिका थांबली. तिने हातातली छत्री बगलेत मारली.

"मिस्टर टिपणीस," ती म्हणाली, "तुम्ही सकाळपासून खाली बघताय आणि नावं ठेवताय. पैसे संपले, माणसं भांडली, काम राहिलं. आम्हाला माहीत आहे. लपवत नाही, चौकात मधोमध ठेवलंय. या अर्ध्या चर्चमध्ये माझ्या पणजीचं लग्न लागलं. तुमच्या कारखान्यातल्या टाइलवर पाचशे वर्षं माणसं चालली आहेत का? चालू द्या. मग मला बोलवा. मी येऊन टाच आपटून बघते."

आणि तिने टाच आपटली. दोनदा. मानसुद्धा कलती केली.

वरद हळूच म्हणाला, "खलास."

छायाबाईंना त्या क्षणी चौकातून थेट रास अल खैमाच्या स्वयंपाकघरात जाऊन पडावंसं वाटलं.  राजाभाऊंनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. पुढचा कार्यक्रम फेदेरिकाने कर्तव्य म्हणून सुरू ठेवला. चौकाच्या कडेला एका जुन्या राजवाड्याखाली चार कमानींचा घुमट आहे. त्याच्या एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून हळू बोललं की समोरच्या तिरक्या कोपऱ्यातल्या माणसाला ते कानात सांगितल्यासारखं ऐकू येतं, मध्ये कितीही गर्दी असली तरी.

"तुम्ही दोघं उभे राहा," ती कोरडेपणाने म्हणाली. "सगळे नवरा-बायको उभे राहतात."

छायाबाई कोपऱ्यात जाऊन भिंतीला नाक लावून उभ्या राहिल्या. शाळेत शिक्षा झाल्यासारखं वाटत होतं. मागून सायकली जात होत्या. मग एकदम कानाशी खाकरणं ऐकू आलं. हे खाकरणं त्या अठ्ठावीस वर्षं ओळखत होत्या.

"छाया."

"अहो, ऐकू येतंय!"

"कोपऱ्याचा सांधा चांगला भरलाय इथे."

छायाबाईंनी ठरवलं. पुन्हा अशी पाठमोरी संधी मिळायची नव्हती, आणि नवऱ्याचा चेहरा न बघता बोलणं त्यांना सोपं होतं.

"अहो, रागावू नका. ही मुलगी नुसती गाइड नाहीये."

मागून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"माहीत आहे," भिंत म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"कॉफीत साखर. तीन चमचे, न विचारता. माझं लक्ष नाही असं समजता तुम्ही."

"तुम्ही तर खाली बघत होता!"

"काउंटर स्टीलचं होतं. सगळं दिसत होतं त्यात."

छायाबाईंना राग आवरेना. "मग सकाळपासून त्या पोरीला छळलंत कशाला?"

"टाइल बोलेपर्यंत ठोकावी लागते. ही नुसती हो, हो, हो करत होती. मला वाटलं, गेली, पोकळ आहे. वरदला आधीच हो म्हणणारी माणसं फार भेटलीत, आपण दोघं धरून. चर्चपाशी बोलली एकदाची."

"मग?"

"मग काय. भरीव आवाज आहे."

छायाबाईंनी कपाळ भिंतीला टेकलं. दगड गार होता. "तर मग जाऊन सांगा की पोराला. बघा कसा उभा आहे, मेल्यासारखा."

"माझं सोड," भिंत म्हणाली, आणि आता आवाज जरा खाली आला. "मी आज तिच्यापुढे कमर्शियल ठरलोय. ती आता या घरात येते का, ते बघ."

छायाबाई वळल्या. घुमटाच्या पलीकडे त्यांचा नवरा अजून कोपऱ्यात तोंड घालून उभा होता, सुटाच्या बाह्या चुन्याने पांढऱ्या झालेल्या. त्यांनी फेदेरिकाला खुणेने बोलावलं, आपल्या जागी उभं केलं आणि म्हणाल्या, "टॉक टु हिम. ही इज वेटिंग."

काय बोलणं झालं ते छायाबाईंना ऐकू आलं नाही. फक्त दिसलं. फेदेरिका आधी ताठ उभी होती, मग तिचे खांदे हलू लागले. हसत होती. समोर राजाभाऊंची मान दोनदा हलली, एकदा नाही म्हणून, एकदा हो म्हणून. मग ते वळले, घुमटाखालून पलीकडे आले आणि वरदसमोर उभे राहिले.

"चल," ते म्हणाले. "परत जायचंय."

"व्हेअर?"

"सुरुवातीला. हॉटेलपासून. सगळं पुन्हा. अट आहे तिची, सगळं शहर पुन्हा बघायचं, आणि या खेपेला फक्त वर बघायचं. खाली बघितलं तर लग्न कॅन्सल."

वरदने आईकडे बघितलं. आई बूट काढत होती. "यल्ला, चला," छायाबाई म्हणाल्या आणि मोज्यांवर चालू लागल्या.

राजाभाऊंनी शब्द पाळला. मान मागे टाकून, एक हात फेदेरिकाच्या दंडावर ठेवून ते ओवऱ्याओवऱ्यांतून हिंडले. पहिल्याच वळणावर त्यांना त्या मघाच्या पॅचची ठेच लागली. "मी म्हटलं होतं!" ते आनंदाने ओरडले, मात्र खाली बघितलं नाही. तिसऱ्या कमानीखाली ते थांबले आणि बोट वर केलं.

"हे छत," ते फेदेरिकाला म्हणाले. "ओल उतरलीय. त्या बाईच्या चित्राच्या कानापाशी."

"ती बाई नाही, देवदूत आहे," फेदेरिका म्हणाली. "आणि ओल नाही, सावली आहे."

"ओल आहे."

"सावली."

दोघं तिथे बराच वेळ वाद घालत उभे राहिले. वरद कॉफी आणायला गेला.

लग्न पुढच्या वर्षी पुण्यात झालं. हॉल फेदेरिकाने पसंत केला. राजाभाऊंनी टाच आपटली, पण निकाल जाहीर केला नाही. कारखान्यात कमरुद्दीनने विचारलं, "राजाभाई, बहू को कौन सा ग्रेड दिया?" राजाभाऊ म्हणाले, "ग्रेड वो देती है. मेरा अभी पेंडिंग है."

रोल्लातल्या शोभना कर्णिकांकडे पहिल्यांदा या गोष्टीचा परिणाम दिसला. राजाभाऊ आले, चपला काढल्या, टाच आपटली, "ठीक आहे," म्हणाले. शोभनाबाई कप मांडायला वळल्या. पण राजाभाऊ बसले नाहीत. त्यांनी मान मागे टाकली आणि पंख्याच्या हुकाकडे डोळे बारीक करून बघू लागले. छायाबाई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि चहाच्या आधणाखालचा गॅस बारीक करून आल्या.