चंद्रभान मिस्त्रीचं गळकं इंजिन

चंद्रभान मिस्त्री इंजिनाशी बोलत नसे. बाकीचे मिस्त्री बोलतात, शिव्या देतात, थोपटतात. हा नुसता हात लावून उभा राहायचा.

तो मूळचा चारठाण्याचा, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. मी हैदराबादहून बी.ए. होऊन पूर्णेला परत आलो. साहित्य शिकलो होतो, नोकरी नव्हती. दिवसभर त्याच्याजवळ बसायचो. तो मला ‘बीए’ म्हणायचा.

ते फसली तेराशे पंचावन्न, म्हणजे एकोणीसशे पंचेचाळीसचा हिवाळा. बन्सीधरशेठच्या जिनिंगचं इंजिन त्यानं पूर्ण खोललं होतं. नव्या रिंगा, नवे बेअरिंग घालून पुन्हा उभं केलं. कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर लागल्या. तीन दिवस इंजिन रिकामंच फिरवलं; चौथ्या दिवशी भार देताच क्रँकच्या दोन्ही टोकांना तेल दिसलं.

थेंब नव्हते, ओघळ होता. काळा, दाट. फरशीच्या उतारानं तो बायका कापूस निवडत बसतात तिथपर्यंत गेला.

दोन वर्षांपूर्वी इंजिनवाला आश्रुबा पट्ट्यात सापडून मेला होता. त्याचं रक्त याच उतारानं याच जागी गेलं होतं. बायकांनी ते पाहिलेलं होतं. त्या उठून बाहेर गेल्या.

आश्रुबाची आई धुरपताबाई इंजिनघराच्या मागच्या भिंतीला टेकलेल्या खोपटात राहायची. इंजिन नवं झाल्यापासून ती रोज येऊन दारात बसू लागली होती. डोळे मिटून. कुणाशी बोलायची नाही.

“ती बसली की गळतंय,” मुकादम मुंजाजी म्हणाला. “पोराचं रगत मागायलीय म्हातारी.”

“मुंजाजी, तू बसलास की बी गळतंय,” चंद्रभान म्हणाला. “तू कुणाचं रगत मागायलास?”

लोक हसले. मुंजाजी हसला नाही.

क्रँक जिथं इंजिनाच्या पेटीबाहेर येतो तिथं तेल अडवायला नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, कडं बसवतात. चंद्रभाननं दोन्ही कडी काढली. नवा नमदा कोमट तेलात रात्रभर भिजवला. टोकं तिरपी कापली, एकमेकांवर घट्ट बसतील अशी. क्रँकवर बारीक पॉलिश कागद फिरवला. इंजिन चालू केलं. तासाभरात दोन्ही टोकं ओली.

त्यानं दुसऱ्यांदा बदलली, मग तिसऱ्यांदा. त्याच्या हातचा नमदा कधी गळला नव्हता. तो नमद्यावरच अडून बसला.

गळती लागल्याच्या तिसऱ्या दिवशी इंजिन दणदणत असताना धुरपताबाईनं डोळे उघडले.

“मिस्त्री, बंद पडलं का रं बाबा?”

“चालू हाय की माय. कानात दडे बसले का?”

“चालू हाय. पर दम घेईना झालंय.”

चंद्रभान म्हणाला, “लोखंडाला कसला दम, माय?”

“घ्यायचं की. आश्रुबा गेल्यावर बी घ्यायचं. भितीला कान लावला की ऐकू यायचं. फुस, फुस. तुमी खोललं तवापासून न्हाई.”

ती पुन्हा डोळे मिटून बसली.

बायकांनी काम टाकलं. बन्सीधरशेठ म्हणाला, सोमवारपर्यंत इंजिन कोरडं झालं नाही तर म्हातारीचं खोपट मोडायचं. चंद्रभान माझ्यासमोर तिच्यापाशी उकिडवा बसला. “माय, तुला कुणी हलवणार न्हाई. माजी जबान हाय.”

रविवारी आम्ही जेवायला गेलो होतो. परत आलो तर खोपट नव्हतं. मुंजाजीनं सोमवारची वाट पाहिली नव्हती. म्हातारीला गाडीत घालून पालमकडे धाडलं होतं. तिकडे तिची बहीण होती म्हणे. जिवंत आहे का, कुणाला ठाऊक नव्हतं.

चंद्रभान भिंतीशी गेला. खोपटाची जागा मोकळी होती. तिथं भिंतीला एक गुळगुळीत डाग होता, डोकं टेकून झालेला. त्यानं त्या डागावर कान लावला. मला म्हणाला, “बीए, इंजिन चालू कर.”

मी चालू केलं. तो बराच वेळ तसाच उभा होता. मग आत आला आणि पेटीवरच्या वाकड्या नळीच्या तोंडावर तळहात धरला. पेटीत कोंडलेली हवा त्या नळीनं बाहेर जाते. हाताला काहीच लागेना.

त्यानं इंजिन थांबवलं. नळीत तार घातली आणि ओढली. काळं धडुतं येऊ लागलं. येतच राहिलं. सगळं आल्यावर त्यानं ते झटकलं. चौकडीची बाही होती. त्याच्याच जुन्या सदऱ्याची.

“मीच कोंबली,” तो म्हणाला. “खोललं तवा. कापसाची कुस आत जाऊ नये म्हणून. काढायची राहिली.”

हवेला वाट नव्हती. ती तेलाला रेटून नमद्यातून बाहेर पडत होती. म्हणून तर दोन्ही टोकं एकदम गळत होती. तो खाली बसला. “पहिल्याच दिवशी कळाया पायजे होतं. म्हातारीला कळलं.”

सोमवारी इंजिन कोरडं चाललं. बायका आत आल्या. चंद्रभाननं बाही सगळ्यांना दाखवली. चूक माझी, म्हणाला. बाईला परत आणा.

“काल बाई गेली, आज तेल थांबलं,” मुंजाजी म्हणाला. “आमी काय आंधळे हाव?”

शेठ हळूच म्हणाला, “तुजं खरं हाय, मिस्त्री. पर जिनिंग ह्या बायकांवर चालते.”

चंद्रभान नळीपाशी गेला. सगळ्यांच्या देखत ती बाही बोटानं पुन्हा आत ठासली.

“बाई आता पालमात असंल,” तो म्हणाला. “बघत बसा.”

कुणी हललं नाही. अर्धा तास गेला. मग दोन्ही टोकांना एकदम काळी रेघ फुटली. ती फरशीवर उतरली. बायकांच्या पायांपर्यंत आली. त्यानं बाही उपसली. नळीनं मोठा उसासा टाकला. गरम, तेलकट वाफ चंद्रभानच्या तोंडावर आली. ओघळ बारीक झाला. थांबला.

मला वाटलं, संपलं. आता पटेल.

एका बाईनं पोर उचललं आणि मागे सरली. मग दुसरी सरली. कुणी बाहीकडे पाहत नव्हतं. सगळ्या चंद्रभानकडे पाहत होत्या.

“म्हंजी बाई न्हवती,” मुंजाजी म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता. “हे तुमच्या हातात हाय. तुमी म्हणलं की रगत येतंय. तुमी म्हणलं की थांबतंय.”

मी बोलायला पुढे झालो. हवा, दाब, नळी, सगळं सांगणार होतो. चंद्रभाननं माझा दंड धरला.

“असंल तसं,” तो मुंजाजीला म्हणाला. “बाईवर तर काय न्हाई ना आता?”

“न्हाई.”

“मग गाडी धाडा. खोपट होतं तसं बांधा. मी जातो.”

शेठनं मान हलवली. त्यानं वर पाहिलं नाही.

चंद्रभाननं हत्यारं आपल्या पेटाऱ्यात भरली, सावकाश, एकेक पुसून. मी विचारलं, “दादा, हे असं होणार हे तुम्हाला माहीत होतं?”

“गाडी आज निघंल ना, बीए? तेवढं बघ.”

फाटकापर्यंत बायकांनी त्याला वाट करून दिली. पदर तोंडावर धरून. तो गेल्यावर मुंजाजीनं त्याच्या पावलांच्या ठशांवर राख टाकली.

गाडी मी स्वतः जुंपायला लावली आणि गाडीवानाशेजारी बसलो. इंजिन दणदणत होतं. कोरडं.