लाटणं, कात्री आणि धार

गुऱ्हाळामागं चिपाडांचा ढीग कधी होतो, हे कुणाला कळतं का? सगळ्यांचं लक्ष गुळाच्या काहिलीकडं! आमचंही तसंच झालं. आम्ही शिकत होतो रेकॉर्डवरचं स्क्रॅचिंग, आणि मागं ढीग लागला किश्शांचा. आता कुणाच्या बारशाला चौघं जमलो, की जेवण गार होतं पण ढीग काही संपत नाही.

चौघं म्हणजे कोण? एक मी, मिलिंद. दुसरा सुरेश, कोडोलीचा, घरात म्हशी. तिसरा आरिफ, ज्याच्या वडिलांचं शिलाईचं दुकान. आणि चौथे दादा, आमचे मालक. शाहूपुरीत त्यांचं साऊंडचं दुकान होतं. लग्नं, बारशी, मंडळं, गॅदरिंग, कोल्हापुरात कुठंही कर्णे लागले तर वायरी ओढायला आम्ही तिघं. नव्वदचं दशक संपत आलेलं. सगळीकडं सीडीचा बोलबाला, आणि नेमक्या त्याच वेळी दादांनी गोव्यातल्या एका बंद पडलेल्या हॉटेलातनं दोन टर्नटेबल आणि एक मिक्सर उचलून आणला!

"दादा, आता रेकॉर्ड कोण ऐकतंय?"

"मी ऐकतोय की! मी काय मेलोय व्हय?"

*

दादा रेकॉर्ड धरायचे ती कडेनं, दोन्ही तळव्यांच्या मध्ये, न्हाऊ घातलेलं मूल धरावं तशी. मखमली फडक्यानं पुसायचे. सुई ठेवताना श्वास रोखायचे.

आणि मी टीव्हीवर बघितलेलं वेगळंच. एक पोरगा फिरती रेकॉर्ड हातानं मागंपुढं ढकलतोय, आणि त्यातनं "विक्की-विक्की" असा भन्नाट आवाज येतोय! दादा बाहेर चहाला गेले तेव्हा मी त्यांच्या एका रेकॉर्डवर हात ठेवला आणि दिली ढकलून.

दादा कप घेऊनच पळत आले. "मांजर सापडलं काय रं दारात?"

मग त्यांनी माझा हात कुठं आहे ते बघितलं. त्यांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं आता कानाखाली बसणार. पण दादा शांतपणे म्हणाले, "घासायची एवढी हौस हाय व्हय? तुझ्या काकूनं सकाळधरनं कढई भिजत घातलीया. चल!"

आणि खरंच घरी नेलं!

कढई मात्र मी चकचकीत घासली. काकू खूश झाल्या. त्यांनीच दादांची समजूत काढली, आणि दादांनी भंगारातनं वाकड्या, चिरा गेलेल्या रेकॉर्डचं एक खोकं आणून आमच्या पुढ्यात आपटलं. "ह्येच्यावर काय ती कुस्ती करा. माझ्या कपाटाला हात लावला तर बोटं ऱ्हाणार न्हाईत!"

*

पण शिकवणार कोण? कोल्हापुरात तालमी शंभर, पण या कुस्तीला वस्ताद नाही. शेवटी आरिफच्या मावसभावानं मुंबईहून एक व्हीसीडी पाठवली. एक लांब केसांचा गोरा माणूस टर्नटेबलपुढं उभा राहून सगळे हात सावकाश दाखवतोय. सोन्यासारखी चीज!

फक्त एक अडचण होती. कॉपी करताना काहीतरी गडबड झालेली, आणि व्हीसीडीला आवाजच नव्हता!

म्हणजे बघा, संगीत शिकायचं आणि तेही मुक्यानं! तो माणूस बोलतोय काय, कुठल्या हाताला काय म्हणतोय, त्यातनं आवाज कसा यायला पाहिजे, कशाचाच पत्ता नाही. नुसते हात दिसतात.

मग नावं आम्हीच ठेवली. मिक्सरवर एक आडवं सरकतं बटण असतं. ते एकीकडं केलं की आवाज येतो, दुसरीकडं केलं की गप्प. त्याला आम्ही म्हणायला लागलो 'कडी'. एक हात रेकॉर्डवर, एक हात कडीवर, एवढाच खेळ.

त्यानं नुसती रेकॉर्ड मागंपुढं केली, आणि मला घरी भाकरीच्या दिवशी रुसणारी धाकटी बहीण आठवली. तिला चपातीच पाहिजे असायची, आणि आई अश्शीच लाटायची. मी म्हटलं, "हे लाटणं!"

मग त्यानं रेकॉर्ड पुढं ढकलली आणि त्याच वेळी कडी लावली, परत ओढली आणि उघडली. दोन्ही हात एकदम जवळ, एकदम लांब. आरिफ म्हणाला, "अरे ये तो कात्री! अब्बा कापड असंच कापतात."

आणि मग आला सगळ्यात अवघड हात. कडीवर खालनं अंगठा टेकवलेला, आणि वरनं चारी बोटं एकापाठोपाठ एक अशी सर्रकन गेली, की कडी थरथरायलाच लागली. आम्ही पुन्हा लावलं, थांबवून थांबवून बघितलं. आरिफ आणि मी तोंड उघडं टाकून बसलेलो.

सुरेश मात्र हसायला लागला. "ह्यात काय अवघड हाय? मी रोज सकाळी करतोय की! ही धार हाय, धार!"

आणि गडी उठला, कडीवर बोटं ठेवली, आणि पहिल्याच झटक्यात ती काढून दाखवली!

*

झालं! आरिफनं आणि मी ठरवलं, धार शिकायची तर मुळापासनं. एका रविवारी गेलतो दोघंबी कोडोलीला.

सुरेशच्या आईनं, मावशींनी, गोठ्यात दोन बादल्या दिल्या. "बसा लेकरांनू. अंगठा मुडपा, वरनं खाली बोटं मिटवत आणा."

मी बसलो. म्हशीनं मान वळवून मला बघितलं, ते काही मला आवडलं नाही. मी बोटं चालवली. एक, दोन, तीन, चार. परत एक, दोन, तीन, चार. ताल अगदी पक्का! दुधाचा थेंब नाही.

शेजारी आरिफ तोंडानं ठेका धरून चालवतोय. त्याच्या म्हशीनं शेपटी फिरवली ती थेट त्याच्या तोंडावर. ठेका बंद!

मी जरा वेग वाढवला, आणि पुढच्या क्षणी मी एकीकडं, बादली एकीकडं. सुरेश तर हसून हसून गव्हाणीत पडायचा बाकी राहिला.

मावशींनी पदरानं डोळे पुसले, मला उठवलं आणि म्हणाल्या, "लेकरा, म्हशीला पान्हा फुटाय पायजे. ठेका घेऊन ती काय करंल?"

*

त्या दिवसापासनं माझी बोटं थांबेनात. जेवताना ताटाच्या कडेवर, दुकानात काउंटरवर, आणि एसटीत गुडघ्यावर. एकदा असाच बसमधनं चाललेलो, उजव्या हाताची चारी बोटं गुडघ्यावर सर्र सर्र चाललेली. शेजारी एक फेटेवाले आजोबा. बराच वेळ माझ्या हाताकडं बघत होते. शेवटी अगदी मायेनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पावणं, कवापासनं हाय हे?"

मला वाटलं, चला, कुणीतरी विचारलं! मी म्हणालो, "झालं की सहा महिनं."

"आरारा! आनि डाक्टर काय म्हनतोय?"

"डॉक्टर न्हाय आजोबा, व्हीसीडी बघून शिकतोय."

आजोबा दचकून सरकले. "शिकतोयस? अरं, आमच्या भावकीतल्या तुकारामाला आपोआप आलं!"

*

सुरेशचा पहिला जाहीर कार्यक्रम बिद्रीला, एका लग्नात. जेवणानंतर थोडा वेळ गाणी वाजवायची होती. दादांनी परवानगी दिली, "एकच डाव दावायचा. लई आगाऊपणा न्हाय."

सुरेशनं नवा शर्ट घातलेला. सुई त्यानं तीनदा पुसली. गाणं रंगात आलं, मांडवातली पोरं नाचायला लागली, आणि सुरेशनं रेकॉर्ड पकडून लाटणं सुरू केलं. मग कात्री. मग धार! अशी सुंदर पडली म्हणून सांगू, की मी आणि आरिफ कर्ण्यामागं एकमेकांना मिठ्या मारायला लागलो.

मांडवात मात्र माना वळल्या. पोरं नाचायची थांबली. आणि गर्दीतनं नवरदेवाचा मामा धोतर सावरत पळत आला.

"पावणं, हात काढा! घाबरू नगा! आमच्या घरच्या मशीनला बी अशीच खोड हाय!"

सुरेश काही बोलायच्या आत मामांनी त्याला बाजूला केलं, टेबलाला खालनं एक सणसणीत गुडघा घातला, सुई उडाली ती पुढच्या ओळीवर जाऊन बसली, आणि गाणं सरळ वाजायला लागलं!

मांडवात टाळ्यांचा कडकडाट! शिट्ट्या! नवरीच्या बापानं जागेवरच मामांना फेटा बांधला.

परतीच्या टेंपोत सुरेश वायरी गुंडाळत बसला. कोल्हापूरचे दिवे दिसल्यावर एकदाच म्हणाला, "टाळ्या धारेलाच हुत्या. फकस्त माणूस चुकला."

*

मग दोन-तीन वर्षांनी कॉलेजच्या एका गॅदरिंगला मुंबईहून खराखुरा डीजे आला. साऊंड आमचा. दुपारी त्याची मशीनं लागेपर्यंत आम्ही तिघांनी त्याला आपले हात दाखवले. तो माणूस चष्मा वर करून बघतच राहिला.

"कुठे शिकलात? हा पहिला बेबी स्क्रॅच, बरोबर?"

"न्हाय, लाटणं," मी म्हणालो.

"आणि हा चार बोटांचा. याला क्रॅब म्हणतात. क्रॅब म्हणजे खेकडा."

सुरेशला ते लागलं. "खेकडा? खेकडा दूध देतोय व्हय?"

मुंबईकर हसला. म्हणाला, "तुमचं नाव भारी आहे, मान्य. पण एक सांगा, तो हात झाला की तुम्ही तिघंही नाकाला हात का लावता?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. आरिफ म्हणाला, "तसंच करायचं असतं ना? व्हीसीडीत है!"

मुंबईकराला काही पटेना. शेवटी दादांच्या दुकानात नेऊन आम्ही त्याला ती व्हीसीडी लावून दाखवली. व्हीसीडीतला तो गोरा माणूस धार काढतो, मग मान मागं घेतो, तोंड उघडतो, डोळे मिटतो, आणि नाकाला हात लावतो. दर वेळी!

मुंबईकरानं दोनदा बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे देवा! त्या बिचाऱ्याला सर्दी झालीय!"

आवाजच नव्हता ना, शिंक कशी ऐकू येणार? सुरेशचा हात आजही जातो नाकाला. म्हणतो, त्याशिवाय धार पुरी झाल्यागत वाटत नाही.

*

आता शेवटचा.

घरात माझ्या लग्नाचं बघायला लागलेले. माझ्या मामांनी गारगोटीचं स्थळ आणलं. मुलगी शाळेत शिक्षिका, वडील कोर्टात बेलीफ होते, नुकतेच रिटायर झालेले. मामा, सुरेश आणि मी निघालो.

दारात रांगोळी. आत शेजाऱ्यापाजाऱ्यांनी खोली भरलेली. मुलीच्या वडिलांनी, आप्पांनी, वाकून जयभीम घातला आणि मला एकट्यालाच हाताची खुर्ची दिली. मामा आणि सुरेश सतरंजीवर! मला जरा अवघडल्यासारखं झालं, पण बरंही वाटलं. म्हटलं, गारगोटीत कलेला मान आहे.

"साहेब, एवढ्या कमी वयात एवढी मजल?" आप्पांनी विचारलं.

"एकदा हात बसला की वय आड येत न्हाय," मी म्हणालो.

"सध्या कुठं असता?"

"कायम असं एका जागी न्हाय. परवा बिद्रीला होतो, उद्या इचलकरंजी."

"म्हंजे फिरतं काम! आनि लोकांचं समाधान हुतंय का?"

"एका बाजूचे नाचतात, दुसऱ्या बाजूचे तक्रार करतात."

आप्पांनी मांडीवर थाप मारली. "अगदी बरोबर! मी आयुष्यभर हेच बघितलंय!" शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. पडद्याआडनं बांगड्या वाजल्या. सगळं इतकं झकास चाललेलं, की मी खुलून म्हणालो, "फक्त पोलिसांचा त्रास होतो. उशीर झाला की येतात आणि सगळ्यांदेखत बंद करायला लावतात."

आप्पांचा चेहरा उतरला. "पोलिस? जज्जसाहेबांना?"

मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "जज्ज कोण?"

"तुम्हीच निरोप धाडला की! पोरगा डीजे हाय म्हणून. डिस्ट्रिक्ट जज्ज!"

मी हाताच्या खुर्चीच्या कडेला सरकलो. सुरेशनं तोंडातला घास तसाच धरलेला. आप्पांनी घसा साफ केला.

"मग तुम्ही करता काय?"

"रेकॉर्ड वाजवतो."

"वाजवता म्हंजे?"

"हातानं. मागंपुढं करून."

आप्पा सावकाश उठले. हात जोडले. मघाचा 'साहेब' गेलेला. "या मग, पावणं."

आम्ही उठलो. एक-एक शेजारी बाजूला सरकून वाट देत होता. मुलगी मी बघितलीसुद्धा नव्हती. नुसती पडद्याच्या कडेला दोन बोटं दिसलेली. एवढी नावं ठेवली हातांना, पण त्या क्षणी माझे हात कुठं ठेवावेत तेच मला कळेना. सुरेशनं उंबऱ्याबाहेर चपलेत पाय घातला.

तेवढ्यात पडद्याआडनं आवाज आला. खणखणीत, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा.

"आप्पा, दोन्ही बाजू ऐकल्याबिगर निकाल लावतात व्हय?"

आप्पांचे जोडलेले हात खाली आले. सुरेशनं हळूच चपला परत काढल्या.